खालाचं दूध

माळवदाच्या शिडीशी आली की हाजराबी अलीकडे थोडा वेळ नुसतीच उभी राहायची. दम लागायचा म्हणून नव्हे. वर गेल्यावर काय दिसणार ते ठाऊक असायचं म्हणून. आज कोणत्या खोक्यातलं पिल्लू मान टाकून पडलंय, एवढंच काय ते बघायचं उरलेलं असायचं. मग ती पदर खोचायची, पाण्याची कळशी कमरेवर घ्यायची आणि शिडी चढायला लागायची.

भिंगारला, लष्कराच्या छावणीला लागून तिचं मातीचं घर होतं. लढाईची वर्षं होती. छावणीत नव्या पलटणी येत होत्या, जुन्या जात होत्या. रस्त्यानं दिवसभर खेचरांची रांग चालायची आणि त्यांनी उडवलेला फुफाटा तिच्या माळवदावर, मातीच्या सपाट छपरावर, येऊन बसायचा. या माळवदावर तिच्या नवऱ्यानं, अब्दुलनं, कबुतरांची ढाबळ बांधली होती. घासलेटची रिकामी खोकी एकावर एक रचलेली, पुढून तारेची जाळी, वरून पत्रा. ही कबुतरं उडवायची किंवा पैजेची नव्हती, खायची होती. पंख नीट फुटायच्या आतली कोवळी पिल्लं छावणीतला खानसामा गोऱ्या साहेबांच्या जेवणासाठी घेऊन जायचा. गावात कुणाचं अंग वारं जाऊन लुळं पडलं आणि हकिमानं कबुतराचा रस्सा सांगितला, तर त्या घरची माणसंही हाजराबीच्याच दारात यायची.

अब्दुल गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ढाबळ आता मोडणार. हाजराबीनं ती मोडली नाही. ती जामखेडकडच्या पिंजाऱ्याची लेक. कापूस पिंजणाऱ्या घरात वाढलेली, कबुतरं तिनं लग्नानंतर पाहिली. पण ज्वारीत मटकी किती मिसळायची, विटेचा चुरा आणि मीठ कुठं ठेवायचं, अंड्यावर बसलेल्या मादीच्या समोरून कसं जायचं, हे सगळं बघून बघून तिच्या अंगात भिनलं होतं. पहिले काही महिने बरे गेले. मग पिल्लं मरायला लागली.

पिल्लू आधी भूक असूनही तोंड मिटायचं. मग गळा सुजायचा. चोच उघडून पाहिलं की घशात पिवळं, खरवसाच्या खरपुडीसारखं काहीतरी चिकटलेलं. ते वाढत जायचं आणि दाणा काय, पाणीसुद्धा खाली उतरायचं नाही. हाजराबी काडीला कापूस गुंडाळून ते खरवडायची, हळद लावायची. खालून रक्त यायचं. दुसऱ्या दिवशी पिल्लू गार.

खानसामा रिकामी पाटी घेऊन परत जायला लागला. आणि जामखेडहून तिचा थोरला भाऊ पीरमहंमद बकरी ईदला आला, तेव्हा तो तिच्यासमोर बसून हळूच म्हणाला, "हाजरा, या थंडीत पिल्लं जगली तर र्‍हा. न्हाई जगली तर थंडी सरल्यावर मी गाडी घिऊन येतो. घराला कुलूप लावू. तू माझ्याकडं चल."

भाऊ वाईट नव्हता. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. भावजयही भाकरी मोजणारी नव्हती. पण त्या घरी दुसऱ्याच्या चुलीसमोर बसून, सकाळी उठल्यावर आपल्या हाताला काय काम, असा प्रश्न पडलेली हाजराबी तिला स्वतःलाच डोळ्यांसमोर दिसायची आणि नको वाटायचं. तिनं मान हलवली होती. शब्द दिल्यासारखाच होता तो. आता थंडी लागली होती.

"मेलं का गं आणखी एक?" शेजारची मालनबाई आपल्या माळवदावरून ओरडली. दोन्ही माळवदांमध्ये हातभर भिंत. मालनबाई तिथं तीळ वाळत घालत होती.

"मेलं."

"भाबी, मी तुला कवाची सांगतीया, दिष्ट हाय ही. तो खानसामा कसा टक लावून बघतो ढाबळीकडं. काळी बाहुली बांध."

"बांधलीया."

"मग उलटी बांधलीस."

हाजराबीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत दमून गेलं. तिनं मेलेलं पिल्लू फडक्यात घेतलं आणि शेजारच्या खोक्यात पाहिलं. तिथलंही पिल्लू मलूल होतं. तिनं ते अलगद उचललं आणि नेहमीसारखं खालाकडं नेलं.

खाला म्हणजे मावशी. हे नाव हाजराबीनंच ठेवलेलं. राखी रंगाची, भरल्या छातीची मादी. तिचा नर छाती काढून असा चालायचा की हाजराबीच्या पुतण्यानं, अलीमनं, त्याला हवालदार म्हणायला सुरुवात केली होती. ही जोडी अब्दुलनं जायच्या आदल्या साली राशिनच्या बाजारातून आणली होती. खालाची खुबी ही, की तिच्यासमोर कुणाचंही पिल्लू ठेवा, ती त्याला आपलं म्हणायची. कबुतरात नर-मादी दोघंही गळ्याच्या पिशवीतलं दह्यासारखं दूध पिल्लाच्या तोंडात तोंड घालून भरवतात. पण परकं पिल्लू समोर आलं तर बहुतेक जोड्या टोचून हाकलतात. खाला कधीच हाकलायची नाही. तिला दूधही मायंदाळ. म्हणून हाजराबीनं रीतच घालून घेतली होती. कोणत्याही खोक्यातलं पिल्लू जरा नरम दिसलं, की ते थोडे दिवस खालाकडं ठेवायचं आणि अंग धरलं की परत त्याच्या आईबापाकडं. मग दुसऱ्याची पाळी.

खालानं पिल्लाची चोच आपल्या चोचीत घेतली. गळा हलायला लागला. हाजराबी बघत राहिली. सगळ्या ढाबळीत हे एकच दृश्य असं होतं, की ते बघताना तिला थकवा वाटायचा नाही.

अलीम तिच्या नवऱ्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याला जन्म देऊन त्याची आई गेली, तेव्हा हाजराबीनं आपलं पहिलंच लेकरू नुकतंच मातीआड केलं होतं. छाती दुधानं दगडासारखी झालेली. मालनबाईनं जुनेरं फाडून ती घट्ट बांधून दिली होती. अशात कुणीतरी हे रडणारं गाठोडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिनं स्वतःच्या हातानं ती फडकी सोडली. पुढं हाजराबीला मूल झालं नाही. गल्लीतल्या आणखी एका-दोघींची पोरंही त्या काळात तिच्याच दुधावर तरली. अलीम आता टांगा चालवायचा, त्याला स्वतःला पोरं होती, पण तिला तो अम्मा म्हणायचा आणि रोज संध्याकाळी टांगा सोडायच्या आधी तिच्या दारात घोडा थांबवायचा.

"अम्मा, नगरला ढोरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय. मुंबईला शिकलेला," तो म्हणाला. "माझ्या घोड्याचा पाय त्यानंच बरा केला. दाखवू की पिल्लू."

"कबुतराला कुठं डॉक्टर असतोय?"

"घोड्याला असतो तर कबुतराला का न्हाई? घोड्यापरीस तुझी कबुतरं जास्त खात्यात."

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन टांग्यात बसली. टोपलीत ते आजारी पिल्लू आणि सोबत खाला. वाटेत त्याला भरवायला कुणी हवं ना.

दवाखान्याच्या आवारात बैलांची, म्हशींची गर्दी होती. सूर्यभान डॉक्टर तरुण होता, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. गुरांना बुळकांड्या रोगाच्या लशी टोचत तो गावोगाव हिंडत होता आणि मधल्या दिवसांत इथं असायचा.

"कबूतर?" टोपलीत डोकावत तो म्हणाला. "अहो बाई, सकाळपासून मी बैलांच्या तोंडात हात घालतोय. आता कबुतराच्या तोंडात काय घालू?"

"काडी घाला, सायेब," अलीम म्हणाला. "आमची अम्मा तीच घालती."

डॉक्टर हसला. त्यानं पिल्लाची चोच उघडून उजेडाकडं धरली आणि हसायचा थांबला. "खरवडता का तुम्ही हे?"

"व्हय. हळद लावते वरनं."

"खरवडू नका. जखम होते आणि पिल्लू रक्तानंच जातं." त्यानं घशातली ओल काडीवर घेतली, कोमट पाण्याच्या थेंबात काचेवर पसरली आणि ती काच खिडकीतल्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली सरकवली. बराच वेळ डोळा लावून बघितलं. मग तो बाजूला झाला. "या, बघा."

हाजराबीला आधी स्वतःच्या पापणीचे केसच दिसले. मग उजेडाचा गोल दिसला आणि त्या गोलात काहीतरी वळवळलं. तापल्या तव्यावर तीळ उडावेत तसे बारीक जीव थरथरत, गिरक्या घेत इकडून तिकडं धावत होते. ती दचकून मागं सरली.

"बैलाच्या अंगावर गोचीड कसा त्याच्या जिवावर जगतो," डॉक्टर म्हणाला, "तसा हा जीव कबुतराच्या घशात जगतो. माणसाला याचं काही होत नाही, घाबरू नका. मोठं कबूतर याला पचवतं. पिल्लाचं अंग कोवळं, त्याला पेलवत नाही. आता एखादं निरोगी पाखरू असतं, तर त्याचा थेंब शेजारी ठेवून तुम्हाला फरक दाखवला असता."

"हाय की!" हाजराबीनं टोपलीत हात घातला. किती दिवसांनी तिच्या आवाजात जोर आला होता. "ही बघा. माझ्या ढाबळीत हिच्यासारखी धडधाकट दुसरी न्हाई."

डॉक्टरनं खालाच्या घशातली ओल घेतली. दुर्बिणीला डोळा लावला. मग काच उचलली, दुसरी स्वच्छ काच घेतली, काडीही नवी घेतली आणि पुन्हा ओल काढली. पुन्हा पाहिलं. मागं एक म्हैस हंबरत होती, तिच्याकडंही त्याचं लक्ष गेलं नाही.

"बाई, ही पिल्लाजवळ कशी?"

"तिच्याखालीच ठेवलंय त्याला. समद्यांची पिल्लं तीच सांभाळती."

"सगळ्यांची?"

मग तिनं सांगितलं. नरम पिल्लू खालाकडं कसं जातं, थोडं सुधारलं की परत आपल्या खोक्यात कसं जातं, मग दुसऱ्याची पाळी कशी येते. सांगता सांगता तिचा आवाज हळू होत गेला, कारण डॉक्टर मान खाली घालून ऐकत होता.

"तुमचे मालक होते तेव्हा मरायची का पिल्लं?"

"न्हाई. त्यांच्या हाताला बरकत हुती."

"तेही अशीच हलवायचे, या जोडीखालून त्या जोडीखाली?"

अब्दुल कधीच हलवायचा नाही. नरम पिल्लू तो तसंच राहू द्यायचा, जगलं तर जगलं. ज्याचं त्यानं पाजावं, एवढंच म्हणायचा. त्यावरून ती त्याच्याशी भांडली होती, निबर काळजाचा म्हणाली होती. तो गेल्यावर तिनं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ही.

"न्हाई," ती म्हणाली. "ते न्हाई हलवायचे."

डॉक्टरनं खुर्ची ओढून तिला बसायला दिली. "हिच्याही घशात तोच जीव आहे, पण हिला स्वतःला काही होत नाही. हिच्या अंगात ते मुरलंय. पण दुधाबरोबर ते पिल्लाच्या घशात जातं. पिल्लू परत आपल्या आईकडं गेलं की तिच्याही घशात. तुम्ही जाणून काही केलं नाही, बाई. दुसरा कुणी असता तरी त्यानं हेच केलं असतं."

पुढचं त्यानं नीट समजावलं. मोरचूद चिमटीत मावेल तेवढंच, पाखरांच्या घडाभर पिण्याच्या पाण्यात, तेही मातीच्या भांड्यात, धातूच्या नाही. जास्त झालं तर विष. पाण्याची भांडी रोज घासून उन्हात खडखडीत वाळवायची. या जिवाला ओल लागते, सुकला की मेला. पिल्लू ज्याच्या त्याच्या खोक्यात. कोणत्या जोडीची पिल्लं तरीही मरतात त्यावर नजर ठेवायची.

"आणि ही जोडी कापून टाका. हिला पुरतं बरं करील असं औषध माझ्याकडं नाही. मांस खायला काही हरकत नाही."

आजारी पिल्लू परतीच्या वाटेवरच गेलं. छावणीच्या नाक्याशी आल्यावर अलीमनं तिला हसवायचा प्रयत्न केला.

"चल अम्मा, आज हवालदाराचा रस्सा. लई छाती काढून चालायचा लेकाचा."

हाजराबीनं टोपलीवर हात ठेवला.

"अगं, दर हप्त्याला खानसाम्याच्या पाटीत घालतीस, तवा न्हाई वाटत काही?"

"ती त्यासाठीच वाढवलेली असत्यात." टोपलीवरचा हात तिनं काढला नव्हता. "अलीम, तुला कुनी पाजलं?"

"तू."

"माझ्या अंगात काय मुरलं हुतं, ते बघितलं हुतं कुनी? काच लावून?"

अलीमनं उगारलेला चाबूक तसाच मांडीवर ठेवला. घोडा आपल्या मनानं चालत राहिला.

घरी आल्यावर तिनं अब्दुलची पेटी उघडली. तळाशी बाभळीच्या लाकडाची अंडी होती, घासून गुळगुळीत केलेली. सारखी अंडी घालून एखादी मादी खंगायला लागली, की तिला विसावा म्हणून अब्दुल खरी अंडी काढून ही ठेवायचा. हाजराबीनं दोन अंडी पदराला पुसली. माळवदाच्या पार टोकाला एक खोकं एकटं मांडलं, त्याला वेगळं गाडगं दिलं आणि खाला आणि हवालदार यांना तिथं हलवलं. पुढं खालानं अंडी घातली, तेव्हा ती उचलून तिनं लाकडाची ठेवली. खालानं मान वाकडी करून त्यांच्याकडं पाहिलं, चोचीनं पोटाखाली ओढून घेतली आणि बसली.

मग नुसती कामं. गाडगी घासायची, उन्हात पालथी घालायची, ऊन सरकलं की गाडगीही सरकवायची. ढाबळीतल्या प्रत्येक खोक्यापाशी वाकून बघायचं, पण पिल्लू उचलून दुसरीकडं ठेवायला हात आत घालायचा नाही. हेच तिला सगळ्यांत जड गेलं. नरम पिल्लू दिसायचं आणि तिचे हात आपसूक पुढं व्हायचे. काही पिल्लं अशीच तिच्या डोळ्यांसमोर गेली. एका जोडीची सगळीच जात होती, तिलाही तिनं बाजूला काढलं. मालनबाई भिंतीपलीकडून म्हणायची, "भाबी, गाडगी वाळवून कुनाचा रोग गेलाय का? उद्या मला तवा वाळवाया सांगशील." पण वरच्या रांगेतल्या खोक्यांत पिल्लांचे गळे आता सुजत नव्हते. त्यांना पिसांची काळी टोकं फुटायला लागली. खानसामा पुन्हा पाटी घेऊन आला आणि या खेपेला ती अगदीच रिकामी घेऊन गेला नाही.

थंडी सरली आणि पीरमहंमद बैलगाडी घेऊन आला, कबूल केल्याप्रमाणं. बैल सोडून तो शिडी चढून वर आला, पत्र्याच्या सावलीत बसला आणि बहिणीला काम करताना बघत राहिला. कोपऱ्यातल्या खोक्यात एक पिल्लू आईबापानं टाकल्यासारखं मागं पडलं होतं. ते चीं चीं करत होतं. टोकाच्या खोक्यातून खाला त्याला ऐकून घुमत होती. अंड्यांवरून उठून जाळीशी यायची, परत जायची.

"ती बघ की कशी बोलावतीया," पीरमहंमद म्हणाला. "तिच्याखाली दे त्याला. तुझं काम तरी हलकं व्हईल."

"न्हाई, भाई."

"का गं?"

"न्हाई म्हनलं ना."

तिनं भिजवलेले हरभरे सोलले, पिल्लाला मांडीत घेतलं, चोच दोन बोटांनी उघडली आणि एकेक दाणा आत सारला. मग हात धुतले. मग दुसऱ्या खोक्याकडं गेली. पीरमहंमदनं तिच्या पायांकडं पाहिलं. टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत विटेचा चुरा बसला होता.

"किती दमलीस गं," तो म्हणाला. "गाडी आनलीया मी. चार दिस नुसती पडून र्‍हा तिथं. मग ये परत."

हाजराबी खरंच क्षणभर उभी राहिली. नुसतं पडून राहायचं, हा विचार तिच्या अंगावरून गोधडीसारखा गेला.

"चार दिस," ती म्हणाली. "आनि गाडगी कुनी वाळवायची?"

पीरमहंमदनं ढाबळीकडं पाहिलं, मग जामखेडच्या रस्त्याकडं. तो हसला नाही, पण उठताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुपारची भाकरी खाऊन त्यानं बैल जुंपले आणि रिकामी गाडी घेऊन तो गेला. तिच्यासाठी भावजयीनं दिलेली तिळाची चटणी तेवढी ओट्यावर राहिली.

उन्हं कलायच्या सुमारास हाजराबी टोकाच्या खोक्याशी गेली. खाला बेचैन होती. अंडी फुटायची वेळ येऊन गेलेली, हे तिच्या अंगाला कळत होतं. ती चोचीनं लाकूड ढोसायची, थांबायची, पुन्हा ढोसायची. हवालदार जाळीशी गप्प उभा होता, छाती काढायचं विसरलेला. हाजराबीनं जाळी उघडली आणि तळवा मादीच्या गळ्याखाली ठेवला. पिशवी टचटचीत भरली होती, गरम लागत होती. खालानं टोचलं नाही. उलट तिनं हाजराबीच्या दोन बोटांची पेरं चोचीत धरली आणि तिचा गळा हलायला लागला.

मागं कोपऱ्यातलं पिल्लू चीं चीं करत होतं.

हाजराबीनं बोटं सोडवून घेतली. ओली झाली होती. ती तिनं राखेनं घासून धुतली आणि मग परत येऊन खोक्यासमोर बसली, भिंतीला पाठ टेकून.

"चढलेलं दूध उतरतं गं," ती खालाला म्हणाली. "थोडी कळ काढ. उतरतं."